लातूरला जायचा वार

आठवड्याच्या वारांवर मी तासभर बोलू शकतो. कॉलेजात मराठी शिकवतो, पण लोक बोलावतात ते या विषयासाठी. रविवारच्या मागून सोमवारच का, मंगळाच्या पाठीशी बुधच का, हे एकदा वर्गात फळ्यावर मांडून दाखवलं. पोरांना आवडलं, पोरांनी बाहेर सांगितलं. तेव्हापासून लातूर-नांदेड पट्ट्यात कुठल्या वाचनालयाचा वर्धापनदिन आला की मला फोन येतो. शाल, नारळ आणि जाण्यायेण्याचं भाडं.

घरात मात्र मी कमी बोलणारा माणूस म्हणून ठरून गेलो आहे. कमी बोलणाऱ्याची एक सोय असते. त्यानं काही लपवलं तरी कुणाला संशय येत नाही, स्वभाव म्हणून खपून जातं. ही सोय मी भरपूर वापरली. आता लिहितोय ते स्वभावाविरुद्ध आहे, तेव्हा मध्येच कुठं गप्प झालो तर सवयीचा दोष समजावा.

वडील गेल्यावर आई नांदेडला एकटी राहिली. जुन्या वस्तीत दोन खोल्या, मागं मोरी, आणि भिंतीला भिंत लागून चाचीचं घर. चाचीच्या घरात दोन पिढ्यांचा बांगड्यांचा धंदा आहे. तिचं आणि आईचं चहाचं येणंजाणं इतकं जुनं, की कपबशा कुणाच्या कुणाकडं आहेत ते दोघींनाही सांगता येत नाही. मी लातूरला बायको आणि मुलीबरोबर. एकुलता एक, त्यामुळं आईला न्यायची पाळी कुणाची, असा वाद घालायलाही दुसरं कुणी नव्हतं.

यंदा मुलगी बारावी झाली. लातुरात बारावी होणं म्हणजे घरातल्या सगळ्यांनीच बारावी होणं असतं. फिजिओथेरपीला कोल्हापूरकडं नंबर लागला, होस्टेल मिळालं. आईचा फोन आला.

"पोरगी जायच्या आधी मला तिकडं ने. महिनाभर तिच्यापाशी राहते. एकदा गेली की मग सुट्टीच्या सुट्टीला, अन् तवा तिला मैत्रिणी असतील."

"हो, येतो न्यायला," मी म्हणालो.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला एकटीनं एसटीनं यायची धास्ती वाटायची. मीच जायला पाहिजे होतं. गाडी होती, सुट्टी होती, तीन-साडेतीन तासांचा रस्ता होता.

पहिल्यांदा ठरलं तो मंगळवार निघाला. आदल्या संध्याकाळी मी कंटाळलो होतो. कंटाळा आलाय म्हणायची लाज वाटली म्हणून म्हणालो, "आई, उद्या मंगळवार आहे."

"व्हय की," आई म्हणाली. "माझ्या ध्यानातच न्हाई."

इतकं सोपं गेलं. मी वर्गात, सभागृहात, फळ्यावर, माइकवर सांगत आलो होतो की वाराला बरंवाईट काही नसतं. आणि फोनवर एका वाक्यात मंगळाला कामाला लावला, तर तो निमूट राबलासुद्धा.

त्यानंतर मी सराईत झालो. बुधवारी निघालेलं माणूस लवकर परतत नाही अशी आपल्याकडं समजूत आहे. ती मी आईला हसत हसत सांगितली. आतून मला तीच भीती होती, हे सांगितलं नाही. शनिवारबद्दल बोलायचीच गरज नव्हती. गुरुवार, शुक्रवार आणि रविवार कसे अडवायचे याचा मात्र थोडा अभ्यास करावा लागला. पंचांगात दिशाशूळ असतो. अमुक वारी अमुक दिशेला प्रवास करू नये, असं ते शास्त्र. गुरुवारी दक्षिण वर्ज्य, शुक्रवारी आणि रविवारी पश्चिम. लातूर पडतं नांदेडच्या नैर्ऋत्येला, म्हणजे अर्धं दक्षिणेला नि अर्धं पश्चिमेला. माझ्या सोयीला भूगोलसुद्धा धावून आला.

उरला सोमवार. त्या दिवशी आईचा उपास, आणि उपाशीपोटी तिला गाडी लागते. "अन् सोमवारी तुझं कॉलेज असतंय," हे तर तिनंच सुचवलं. मला वाटलं, किती भोळी आहे.

चाचीला हा प्रकार पटत नव्हता. त्यांच्या घरात आठवडाच वेगळा. सोमवार म्हणजे पीर, बुधवार म्हणजे चारशंबा, शनिवार म्हणजे हफ्ता. आई फोनवर सांगायची, "चाची म्हणती, भाभी, तुमारा शनिवार होंगा, हमारा तो हफ्ता है. हमारे दिन से जाओ ना."

दोघी हसायच्या. मी फोनवर समजावून सांगायचो की चारशंबा म्हणजे शंब्यापासून, शनिवारापासून, चौथा, फारसीत हे वार नुसते मोजलेले आहेत, त्यांना ग्रहांचा आधार नाही.

"मग बरंच की," मागून चाचीचा आवाज यायचा. "उसको कौन रोकता? बोलो उसको, मोज के आ जा."

मी विषय मुलीच्या होस्टेलकडं वळवायचो.

आता कारण. कारण लहान आहे, म्हणूनच सांगायला जड जातंय. आमच्या फ्लॅटमध्ये दोन खोल्या आणि हॉलच्या कडेला एक चिंचोळी खोली आहे. त्या खोलीत माझी पुस्तकं, एक टेबल, एक खुर्ची आणि मी. दार लावून घेतलं की कुणी हाक मारत नाही. आई आली की ती खोली तिची होणार, असं मी मनाशी धरून चाललो. शिवाय आई विचारते. "काय झालं रे," "काय विचार करून राहिलास," "जेवला का न्हाई नीट." मला गप्प बसू न देणारं जगात ते एकच माणूस आहे. भांडण नाही, खर्च नाही, आजारपण नाही. फक्त एक खोली आणि चार प्रश्न.

आणखी एक आहे, ते जास्त वाईट. तिसऱ्या-चौथ्या वेळी आईनं विचारलं, "सूनबाईला काही अडचण हाय का?"

मी काहीच म्हणालो नाही. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. जरा थांबलो आणि म्हणालो, "बघू, जमवू."

तेवढं थांबणं पुरलं. आईकडून ते उमरीच्या मावशीकडं गेलं. मावशी आईची थोरली बहीण, तिच्याकडं गेलेली गोष्ट तिच्याकडं राहत नाही. उमरीला एका बारशाला गेलो, तर बायकोनं वाढायला घेतलेलं ताट मावशीनं तिच्या हातून काढून दुसरीकडं दिलं. बायको गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी काय केलंय यांचं?"

"त्यांचा स्वभावच तसा आहे," मी म्हणालो.

बायको तर पहिल्या दिवसापासून मागं लागली होती, आईंना आणा म्हणून. तिला मी सांगायचो, आई वार बघते, जुन्या वळणाची आहे. म्हणजे आईला वाटत होतं सून नको म्हणते, सुनेला वाटत होतं सासू वार बघते, आणि मधल्या मधे मी खोलीचं दार लावून वारांच्या उगमावर टिपणं काढत होतो.

असे आठवडे जात राहिले. मुलीची जायची तारीख ठरली, सोमवारची. त्याच्या आधीच्या शनिवारी नांदेडच्या एका वाचनालयानं व्याख्यान ठेवलं. विषय ठरलेला. मी हो म्हणालो आणि आईला कळवलं नाही. घरी गेलो तर ती विचारणार, चल म्हणणार, म्हणून बोलून परस्पर निघायचं ठरवलं. आपल्याच गावात चोरासारखं शिरायचं आणि तिथं माइक लावून बोलायचं, यातली गंमत तेव्हा जाणवली नाही.

वाचनालयानं माझा फोटो घालून पत्रिका मोबाइलवर फिरवली होती. चाचीच्या सुनेच्या फोनवर ती आली. तिनं चाचीला दाखवली, चाचीनं आईला.

मी उभा राहिलो, सुरुवात केली, आणि तिसऱ्या रांगेत आई दिसली. शेजारी चाची. आईच्या मांडीवर चेनची हिरवी बॅग होती. प्रवासाची.

मी थांबलो नाही. बोलायची सवय अशी असते की जीभ आपलं काम करत राहते. सांगितलं, की आकाशात सात ग्रह मानले. सगळ्यांत संथ शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, आणि सगळ्यांत चपळ चंद्र. दिवसाचे चोवीस तास केले, एकेक तास एकेका ग्रहाला पाळीनं वाटून दिला. पहिला तास ज्याचा, दिवस त्याच्या नावाचा. चोवीसला सातानं भागा, तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना पाळी तीन घरं पुढच्याची. शनीनंतर तीन मोजा, रवी येतो. रवीनंतर तीन मोजा, चंद्र. मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र. झाला आठवडा. हा हिशेब परक्या मुलुखातून आला, त्यातला होरा, म्हणजे तास, हा शब्दसुद्धा ग्रीकांचा. त्याआधी आपल्याकडं तिथी होती, नक्षत्र होतं, पण वार पाहून घराबाहेर पडायची पद्धत नव्हती, कारण वारच नव्हते.

इथं माझं एक ठरलेलं वाक्य आहे. त्याला नेहमी हशा येतो. "तेव्हा मंगळवारी निघायला भिणारा माणूस देवाला भीत नाही, भागाकाराच्या बाकीला भितो."

हशा आला. चाचीला अर्धं कळलं असावं, पण तीही हसली. आई हसली नाही. ती ऐकत होती, शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरगं काम विसरू नये म्हणून आया ऐकतात तसं.

शेवटचंही वाक्य ठरलेलंच आहे. ते गिळायचं असं मी मनाशी ठरवलं होतं, तरी सवयीनं तोंडातून गेलंच. "हे घरी जाऊन आपापल्या आईला सांगा."

टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही शंका? आईनं हात वर केला नाही. आभार झाले, लोक उठले, तेव्हा ती बॅग घेऊन पुढं आली.

"झालं का तुझं?"

"झालं."

"मग चल. शनिवार हाय, पण तू आत्ताच सांगितलंस न्हाई का."

"पूरा हॉल गवाह है," चाची म्हणाली. "अब पलटना नक्को."

वाचनालयाचे सचिव धावत आले. "सर, मातोश्रींना घेऊन आलात, फार छान वाटलं." त्यांनी आईला खुर्ची दिली, मला शेजारी उभं केलं, फोटो काढला. वारांचे अभ्यासक मातोश्रींसह. त्या फोटोत माझ्या अंगावर शाल आहे आणि तोंडावर काहीही नाही.

गाडीत आई पुढं बसली. लोहा आलं. तिथं बायकोचा फोन आला, आणि गाडीत फोन स्पीकरवर लागतो.

"निघालात का?"

"निघालो. आई आहे बरोबर."

बायकोचा सुटल्यासारखा आवाज आला. "आणलंत एकदाचं. किती दिवस सांगतेय तुम्हाला. वार-बीर सोडा म्हणून आईंना मीच फोन करणार होते, तुम्हीच नको म्हणालात. पोरगी रोज विचारतेय. चालवा हळू."

फोन बंद झाला. आई समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. अहमदपूरला मी चहाला गाडी थांबवली. टपरीवर तिनं बशीत चहा ओतला, पिऊन संपवला आणि मग बोलली.

"ती नको म्हणती म्हणलास."

"मी तसं म्हणालो नव्हतो."

"व्हय. म्हणला न्हाईस." बशी कपावर उपडी ठेवत ती म्हणाली, "मग कोण नको म्हणत व्हतं?"

"मीच."

"कामून?"

मी खोलीचं सांगितलं. टेबलाचं, दाराचं. भर दुपारी, टपरीच्या बाकावर, ट्रकवाले शेजारी बसलेले. प्रश्न विचारतेस, हे मात्र सांगितलं नाही, कारण ती आत्ताही विचारतच होती.

"मला कशाला लागती खोली?" ती म्हणाली. "पोरीजवळ झोपायला चालले मी."

एवढंच. मला वाटलं ती रडेल किंवा रागावेल. मी तयारीत होतो. पण गाडीत बसल्यावर तिनं वेगळंच काढलं.

"आमच्या हदगावकडं पोरी माहेराला आल्या अन् सासरी जायचं जिवावर आलं, की वार काढायच्या. आज मंगळवार, उद्या बुधवार, परवा आणि काय तरी. मी तर लई पटाईत. एकदा अशी पंधरा-वीस दिवस राहिले. तू वार काढायला लागलास, तवा दुसऱ्याच खेपेला मला वळखू आलं. कुणाला तरी जायचं न्हाई, न्हाईतर कुणाला तरी न्यायचं न्हाई. वाराचं दुसरं काय काम असतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्या बापाला कळत नसंल व्हय? तोबी गप बसायचा. म्हणायचा, बरं, गुरुवारी जा."

मी गाडी चालवत राहिलो. चोवीस भागिले सात, बाकी तीन, हे मी दोनशे लोकांना समजावलं होतं. वार कशासाठी असतात, ते मला शिरूर ताजबंदच्या अलीकडं कळलं.

घरी मुलगी जिन्यातच उभी होती. आईची बॅग तिनं घेतली आणि दोघी तिच्या खोलीत गेल्या. एका कॉटवर कशा मावल्या कुणास ठाऊक. रविवारी दिवसभर त्यांचं सामान भरणं चाललं होतं. आईनं शेंगदाण्याची चटणी कुटली, चादरीवर मुलीच्या नावाची अक्षरं दोऱ्यानं घातली, तिच्या डोक्याला तेल लावलं. मी माझ्या खोलीत होतो. दार लावलेलं. कुणी मागायला आलं नाही. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"आज्जी, आधी का नाही आलीस गं? मी किती वाट बघितली."

"वार जुळत न्हवता."

"बाबा तर म्हणतात ते सगळं खोटं असतं."

"तुझा बाबा लई शिकलेला हाय. मान खाली घाल, मागं तेल लागलं न्हाई."

महिनाभर राहायचं होतं तिला. मी तिच्यासाठी एक रविवार शिल्लक ठेवला होता, आणि त्यातही ती मला पाठीशी घालत होती. मी उठून दार उघडलं. उंबऱ्यात उभा राहिलो. दोघींनी वर बघितलं, काय पाहिजे असं. मला काय पाहिजे ते सांगता येईना. पाणी प्यायला आलो होतो, असं म्हणालो.

सोमवारी मुलगी गेली. स्टँडवरून आल्यावर आई तिच्या कॉटवर बसून राहिली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सगळं सांगितलं. खोलीचं, आणि माझ्या त्या थांबण्याचंही. तिनं गॅस बंद केला.

"म्हणून उमरीला माझ्या हातचं ताट काढून घेतलं?"

"हो."

"अन् तुम्ही म्हणालात, स्वभावच तसा आहे." तिनं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "मावशींना फोन लावा. आत्ता. माझ्यासमोर."

मी लावला. मावशीला सगळं सांगितलं, तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. चूक माझी, सून काही म्हणाली नव्हती, उलट तीच आणा म्हणत होती. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"बायको शेजारी उभी हाय व्हय रे?"

"हो, पण..."

"असू दे. बोल तू, बोल. मला कळतंय."

आई उठून आली, फोन घेतला. "आक्का, खरंय त्याचं. सुनेचा काई दोष न्हाई. मी आता दिवाळीपर्यंत इथंच राहते. पोरगी सुट्टीला येईल तवा मी घरात असावी."

पलीकडून मावशी काय म्हणाली ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं. "म्हंजे आता कामाला ठेवून घेतली तुला."

आईनं फोन ठेवला. बायको माझ्याकडं बघत होती. रागावलेली होती, पण एका क्षणी तिला हसूही आलं असावं, कारण तिनं तोंड फिरवलं. "बोलून भागणार नाही," ती म्हणाली. "तुमच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नाही, अन् न बोलण्यावर सगळ्यांचा आहे. लिहा."

आई मुलीच्या खोलीत राहते. दिवाळीला अजून अवकाश आहे. रोज संध्याकाळी मुलीचा फोन येतो, तो आता माझ्याकडं येत नाही, आईकडं येतो. आई तिला काय काय विचारते, आणि ती सगळ्याची उत्तरं देते.

हे छापून आलं की एक प्रत उमरीला पाठवायची आहे. मावशीला वाचता येत नाही. तिला तिची सून वाचून दाखवील.